एआय एजंटसाठी पेआउट अहवालाच्या साधनाचे वर्णन लिहिताना

विक्रेत्यांना दिलेल्या पैशांचे (पेआउटचे) अहवाल एआय एजंटकडून, म्हणजे साधने वापरून सांगितलेले काम स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रामकडून काढून घ्यायचे असतील, तर ज्या साधनाने तो ते काढतो, त्याचे एजंटसाठीचे वर्णन लिहिताना एक फरक ध्यानात ठेवावा: नवा कारकून शंका आली की शेजारच्या टेबलावर विचारतो, एजंट मात्र न लिहिलेले बहुधा गृहीत धरतो. म्हणून नुसते ‘रक्कम’ असे लिहू नये. ती पैशांत आहे की रुपयांत, शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी वजा होण्यापूर्वीची की नंतरची, हे सांगून शेजारी नमुना द्यावा, जसे की १२५००० (पैसे) म्हणजे १,२५० रुपये.

खरा घोळ तारखेत होतो. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, त्यामुळे दादरच्या एखाद्या साडीविक्रेत्याच्या खात्यात १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजताही पैसे जमा होऊ शकतात. सर्व्हरने ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत नोंदवली, तर ती ३१ मार्चच्या रात्री साडेआठची ठरते आणि व्यवहार थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. तेव्हा ‘तारीख भारतीय प्रमाणवेळेनुसार, मागितलेल्या कालावधीचा शेवटचा दिवस धरून’ असे स्वच्छ लिहावे.

अहवाल एका वेळी शंभरच ओळी देत असेल, तर पुढचे पान कसे मागावे हेही सांगावे, नाहीतर एजंट तेवढ्यांचीच बेरीज करून मोकळा होतो. बँकेकडून परत आलेले पेआउट त्या बेरजेत धरायचे की नाहीत, हेही नोंदवावे. ‘पेआउट नाही’ आणि ‘परवानगी नाही’ यांसाठी उत्तरे वेगवेगळी असावीत. आणि साधन केवळ माहिती वाचते, पैसे पाठवत नाही, हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत यावे.