गरोदर पेशंट एमआरआयच्या टेबलावर येते तेव्हा

दरवर्षी आमच्याकडे बी.एस्सी. रेडिओलॉजीची इंटर्न पोरं येतात. डोकं, मणका, गुडघा महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या हातात बसतो. मग एखाद्या सकाळी रजिस्टरमध्ये '३२ आठवडे' अशी नोंद दिसते आणि तीच पोरं हळूच म्हणतात, "मॅडम, हा तुम्हीच करा ना." मी त्यांना हसत नाही. अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच चहाच्या निमित्तानं सटकले होते.

मी मिरजेत काम करते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यात पुष्कळ पेशंट कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचे. त्यामुळे 'श्वास रोखा' इतकंच कन्नडमधलं 'उसिरु हिडीरी' हेही तोंडात बसवावं लागतं.

पहिली भीती रेडिएशनची, आणि ती नातेवाइकांइतकीच नव्या टेक्निशियनलाही असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबकीय क्षेत्र असतं, रेडिओलहरी असतात, त्यांची थोडी उष्णता असते आणि आवाज असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत साधा एमआरआय झालेल्या बाळांमध्ये त्यात जास्तीचा धोका दिसला नाही. गॅडोलिनियम, म्हणजे इमेज ठळक यावी म्हणून शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट, दिलेल्यांच्या बाबतीत मात्र चिंता वाटावी असे आकडे निघाले. म्हणून गरोदर बाईला कॉन्ट्रास्ट द्यायचं नाही. अगदीच अटळ असेल तर तो निर्णय रेडिओलॉजिस्टचा, तोही लेखी. मेंदूतल्या शिरांत गुठळीचा संशय असेल तर व्हेनोग्राफी, म्हणजे त्या शिरांचा एमआरआय, कॉन्ट्रास्टशिवाय होते. त्या पद्धतीच्या 'फेज कॉन्ट्रास्ट' या नावात कॉन्ट्रास्ट असलं तरी इंजेक्शन लागत नाही, हे दर बॅचला एकदा सांगावंच लागतं.

उष्णतेसाठी मशीन नॉर्मल मोडमध्येच ठेवायचं, म्हणजे पूर्ण शरीराचा सार (शरीरात शोषली जाणारी रेडिओलहरींची ऊर्जा) किलोमागे २ वॅटच्या आत राहतो. स्कॅन सुरू करताना मशीननं 'फर्स्ट लेव्हल (म्हणजे याहून वरची पातळी) चालेल का' असं विचारलं तर सवयीनं ओके दाबू नका. सिक्वेन्समध्ये, म्हणजे इमेज काढायच्या त्या फेरीच्या सेटिंगमध्ये, बदल करा.

आता माझी चूक. ३४ आठवड्यांची बाई, पाय आत आणि डोकं बाहेरच्या बाजूला, पण मी तिला सरळ पाठीवर झोपवलं. दोन सिक्वेन्स झाले आणि बेल वाजली. आत गेले तर ओठ पांढरे, कपाळावर गार घाम, "मॅडम, जीव घाबरतोय." मला वाटलं, बंद जागेची भीती असेल. आमची जुनी सिस्टर धावत आली आणि काही न बोलता तिला डाव्या कुशीवर वळवलं. दोन-तीन मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. पोटाच्या भारानं मोठी शीर दाबली जाऊन रक्तदाब उतरतो, हे पुस्तकात मी वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. तेव्हापासून दिवस भरत आलेली बाई माझ्या टेबलावर डाव्या कुशीवरच झोपते. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये एक, आणि बेल हातात देऊन एकदा वाजवून बघायला लावायची. कॉइल, म्हणजे पोटावर ठेवायची सिग्नल पकडणारी पट्टी, बसवायला जरा कटकट होते, होऊ दे.

दागिन्यांवर खरा वेळ जातो. मंगळसूत्र निघतं, नथ निघते, जोडवी निघत नाहीत. पाय सुजलेले असतात आणि सासूबाईंची परवानगी नसते. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण बाजारातल्या जोडव्यात चांदी किती आणि इतर काय, कोणी सांगावं! साबणाचं पाणी लावून मी स्वतः काढते. हिरवा चुडा काचेचा असेल तर राहू द्या, त्याला हात लावलात तर बाहेर महाभारत होतं. पण त्यात पाटल्या नाहीत ना, हे बघा. जरीच्या ब्लाउजवर कधीच आत सोडू नका, जर तापते. साडीच्या निऱ्यांची पिन काढली की विचारायचं, "अजून एक असेल बघा." असतेच.

झटके आलेली बाई स्ट्रेचरवर ऑक्सिजनसकट येते तेव्हा तर दारात स्वतः उभे राहा. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि तो धरून आत गेलेल्या नातेवाईक तरुणाचा जीव गेला. घाईत वॉर्डबॉय कोणाचं ऐकत नाही, तुम्ही आडवे व्हा.

गर्भाचा एमआरआय साधारण विसाव्या आठवड्यानंतर करतात. सोनोग्राफीत मेंदूतली पोकळी १० मिलिमीटरच्या वर दिसली, की तो कागद घेऊन आईबाप आमच्याकडे येतात. इथे हात चालवावा लागतो. बाळ काही तुमच्यासाठी श्वास रोखणार नाही. सिंगल शॉट सिक्वेन्समध्ये एक स्लाइस, म्हणजे एक छेद, सेकंदाच्या आसपास मिळतो, आणि पुढचा प्लॅन नेहमी नुकत्याच आलेल्या इमेजवर टाकायचा. सुरुवातीच्या लोकलायझरवर, म्हणजे जागा ठरवायला काढलेल्या पहिल्या इमेजवर, सगळं आखून बसलात तर तोवर बाळानं कूस बदललेली असते. एकदा सॅजिटल, म्हणजे बाजूनं दिसणारा छेद, मिळवायला मला सात वेळा प्लॅन टाकावा लागला. पोटातलं ते कार्टं फिरतच होतं आणि बाहेर आजी म्हणत होती, "आमच्यात सगळी अशीच वळवळी."

वारेचा स्कॅन वेगळा. आधीची सिझेरियन आणि वार खाली, अशी केस असेल तर वार गर्भाशयाच्या भिंतीत, मूत्राशयापर्यंत घुसली आहे का ते बघायचं असतं. त्यासाठी मूत्राशय थोडं भरलेलं हवं. एरवीच्या सवयीनं "लघवीला जाऊन या" म्हणालात तर पाणी पाजून अर्धा तास थांबा.

पाळीची तारीख सगळ्याच बायकांना विचारायची, गुडघ्याच्या एमआरआयलासुद्धा. मात्र आईवडिलांसमोर अविवाहित मुलीला नाही. कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून.

"मॅडम, नातूच हाय न्हवं?" हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. लिंगनिदानावर महाराष्ट्रानं १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगणं गुन्हा आहे. मिरज तालुक्यातल्याच म्हैसाळमध्ये २०१७ च्या मार्चमध्ये १९ भ्रूण सापडले होते. तेव्हापासून इथे हा प्रश्न गमतीनंही कोणी विचारला तरी मला गंमत वाटत नाही. आमच्याकडे या कायद्याचा फॉर्म एफ पूर्ण भरल्याशिवाय गर्भाचा स्कॅन सुरू होत नाही आणि कन्सोलच्या, म्हणजे मशीन चालवायच्या, खोलीत नातेवाईक येत नाही. आमदाराचा फोन आला तरी.

माझ्या स्वतःच्या वेळी मी आठव्या महिन्यापर्यंत कन्सोलवर होते. पेशंट झोपवायला आत जायचे, स्कॅन चालू असताना कधीच आत थांबले नाही. कोणाजवळ थांबायची वेळ आली तर सहकारी जायचा. एक्स-रेवाल्यांसारखा रेडिएशन मोजायचा बॅज आम्हाला नसतो. सासूबाईंना 'बॅज नाही म्हणजे रेडिएशन नाही' हे पटायला सात महिने लागले.

एक गोष्ट मात्र कोणत्याच प्रोटोकॉलमध्ये नसते. कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी इमेज बघताना मी शेजारच्या पोराला म्हणाले, "अरे, पोकळी केवढी मोठी आहे!" माइकचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. आत टेबलावरच्या बाईनं हेडफोनमध्ये ते ऐकलं. उरलेली वीस मिनिटं ती न हलता पडून होती, इमेजेस इतक्या स्थिर कधी आल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर तिनं काही विचारलं नाही. जरा बोलली असती तर बरं झालं असतं. आता आधी बटण बघते, मगच तोंड उघडते.

त्याच्या उलटही होतं. "बाळ बरं आहे ना?" या प्रश्नावर मी बरीच वर्षं "फोटो चांगले आलेत" म्हणायचे. एकदा दारापलीकडून ऐकलं. नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "चांगलं आहे म्हणाल्या." रिपोर्ट चांगला नव्हता.

तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं आहे, "फोटो काढून झाले. रिपोर्ट उद्या चारनंतर, तुमच्या डॉक्टरांकडे." मग तिला कुशीवरून उठवून दोन मिनिटं पाय सोडून बसवते, आणि डबीतलं मंगळसूत्र, नथ, जोडवी एकेक मोजून तिच्या हातात देते.