प्रोजेक्टर राहू दे, आधी एक प्रश्न विचारा

"कळलं का?" विचारलं की एफवायचा (कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा) अख्खा वर्ग "हो सर" म्हणतो, आणि टेस्टचे पेपर तपासायला घेतले की घाम आपल्याला फुटतो. मी पण आधी पीपीटीवरच जोर लावला होता. झालं काय, तर खिडक्या बंद करून अंधार केला की मागचे दोन बाक झोपायचे आणि बाकीचे स्लाइडचे फोटो काढून मोकळे. त्यामुळे ज्यांना वर्गात काहीतरी नवीन सुरू करायचंय त्यांना माझं सांगणं एकच, मशीन नंतर, आधी पद्धत बदला.

पहिला आठवडा फक्त कागद. प्रत्येकाला एक ए-फोर कागद दोनदा घडी घालून चार भाग करायला सांगा, एकेका भागावर ए, बी, सी, डी, फळ्यापासून वाचता येईल एवढं ठसठशीत. पंधरा-वीस मिनिटं शिकवलं की चार पर्यायांचा एक प्रश्न टाका, गणित नको, कन्सेप्टचा. माझा ठरलेला: एसटी आणि स्कूटीची समोरासमोर धडक झाली, कोणाचा कोणावर जोर जास्त? बरीच पोरं एसटी म्हणतात, न्यूटनचा तिसरा नियम (दोन्हीकडून जोर सारखाच) तोंडपाठ असूनसुद्धा!

मग एक मिनिट पूर्ण शांतता, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी आपल्या उत्तराचं अक्षर पुढे करून एकदम कागद छातीशी धरायचा, डोक्यावर नाही, नाहीतर मागचे पुढच्यांचं बघून बदलतात. नजर फिरवा, अंदाज घ्या. बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेत दम नाही, परत समजवा. 70 च्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. मधे असतील तर खरी मजा, वेगळं उत्तर असलेला शेजारी गाठायचा आणि त्याला पटवायचं, दोन-तीन मिनिटं, मग परत मत. तोपर्यंत बरोबर उत्तर तोंडातून काढायचं नाही, हे आपल्यालाच सगळ्यात जड जातं (सवय!). आणि याला मार्क देऊ नका, दिले की पोरं हुशार पोराचं उत्तर दाखवायला लागतात.

याला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात, हार्वर्डच्या एरिक मॅझूरनी 1991 पासून वापरायला सुरुवात केली. त्यांच्या लेक्चरला पोरं चांगलं रेटिंग द्यायची, गणितं पण सोडवायची, पण साध्या भाषेत बलाबद्दल विचारलं की गडबडायची. म्हणजे दुखणं आपल्याकडचंच नाही.

हे अंगवळणी पडलं की मग टेक्नॉलॉजी. प्लिकर्स नावाच्या ॲपसाठी चौकोनी नक्षीची कार्डं प्रिंट करायची, पोरं कार्ड फिरवून उत्तर धरतात आणि तुम्ही तुमच्या एकट्याच्या फोनच्या कॅमेऱ्याने वर्ग स्कॅन करता, पोरांना फोन लागतच नाही. कार्डाला नंबर असतो, त्यामुळे कोण काय म्हणालं ते राहतं. चमकणारं लॅमिनेशन करू नका, मी हौसेनं केलं आणि ट्यूबलाइटच्या उजेडात निम्मी कार्डं वाचलीच जाईनात. एका सेटमध्ये 40 कार्डं, मोठ्यात 63, त्यामुळे शंभर-सव्वाशेचा वर्ग असेल तर सरळ घडीचा कागदच बरा.

प्रयोगासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET), म्हणजे स्क्रीनवर प्रयोग करून बघायच्या सिम्युलेशन्सची वेबसाइट. नोबेलवाल्या कार्ल वीमननी 2002 मध्ये सुरू केलेलं, फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीत पण आहेत. घरी असताना फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा, कॉलेजच्या वायफायवर विसंबू नका. सर्किटवालं लावताना बटण दाबायच्या आधी विचारा, दुसरा बल्ब जोडला तर पहिला मंद होईल का, मत घ्या, मगच दाबा. नुसतं दाखवलं तर तो परत सिनेमाच.

"पोर्शन कसा संपणार?" हे प्रत्येक जण विचारतो. जे पुस्तकात जसंच्या तसं आहे ते फळ्यावर उतरवून द्यायचं थांबवा, वेळ तिथूनच निघतो. आणि प्रश्न कुठून आणायचे म्हणाल तर जुन्या उत्तरपत्रिका काढा, पोरांनी जी चूक परत परत केलीय तीच तुमच्या प्रश्नातला चुकीचा पर्याय.