गव्हाण ते उकिरडा: खुराकाचा आणि शेणाचा हिशोब एकाच वहीत

फॅट किती लागली, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) किती, दहा दिवसाचं बिल किती आलं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण गव्हाणीत टाकलेल्या खुराकातलं दुधात किती उतरलं आणि शेणामुतात किती गेलं हे बघायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. ४०० किलोची संकरित गाय, १५ लिटर दूध देणारी, दिवसाला साधारण १३ किलो कोरडा चारा-खुराक खाते (म्हणजे पाणी वजा करून), त्यात १४ टक्के प्रोटीन धरलं तर त्या प्रोटीनमधून जवळपास २९० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) पोटात गेलं, आणि दुधातून बाहेर आलं फक्त ७५ ग्रॅम. उरलेलं २१५ ग्रॅम शेणात आणि मुतात. वर्षाचा हिशोब केला तर एका गायीमागं साडेतीन-पावणेचार गोण्या युरियाइतकं नत्र होतं, आणि आपण त्यातलं निम्मंअर्धं उन्हात उडवून नि पावसात वाहून घालवतो आणि मग दुकानात युरियासाठी रांगेत उभं राहतो!

तर सुरुवात गव्हाणीपासून. आधी आपलं पेंडीचं घमेलं काट्यावर ठेवा, कारण एक घमेलं म्हणजे दोन किलो असं आपण धरून चालतो आणि निघतं भलतंच. मग प्रत्येक गायीचं दूध बघून खुराक ठरवा, सगळ्यांना एकच माप नको. अंगाला (म्हणजे शरीर पोसायला) दीड किलो आणि वर प्रत्येक लिटरमागं ४०० ग्रॅम, म्हशीला लिटरमागं ५०० ग्रॅम, असा अंदाज धरून सुरू करा, आठवडाभर दूध बघा आणि थोडं वरखाली करा. भरपूर लसूणघास असेल तर २० टक्के प्रोटीनची गोळी पेंड आणि वर सरकी पेंड असं दोन्ही मारायची गरज नाही, जास्तीचं प्रोटीन दुधात जात नाही, ते मुतातून युरिया होऊन बाहेर पडतं. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्याला झोंबतं ना, तो त्याचाच अमोनिया, म्हणजे पेंडीचे पैसे हवेत चाललेत. उलट नुसते उसाचे वाढे आणि कडब्यावर गाय ठेवली तर प्रोटीन कमी पडतं, आणि वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तिथं मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम तरी पाहिजेच.

आता शेण बघा, आणि हात घालायची लाज सोडा. मूठभर ताजं शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. आमच्याकडं एकदा असं धुतलं तर चाळणीत पिवळे मक्याचे दाणे, कोंबडीला टाकावेत असे अख्खे! भरडा काढताना गिरणीला जाळी मोठी लागली होती, बारीक करून आणला तेव्हा दाणे बंद झाले. शेण पाण्यासारखं पातळ असेल तर वाळला चारा कमी पडतोय किंवा पेंड जास्त होतेय, आणि गोवरीसारखं घट्ट असेल तर पाणी नाहीतर प्रोटीन कमी.

मग उकिरडा, आणि सगळ्यात जास्त नासाडी इथंच. पालाश (पोटॅश) बहुतेक मुतात असतं, स्फुरद (फॉस्फरस) शेणात, त्यामुळं नुसतं शेण उचलून मूत मोरीतून ओढ्याला सोडलं तर पालाश गेलंच. गोठ्याला उतार देऊन बाहेर एक टाकी किंवा ड्रम पुरा, ते मूत रोज ढिगावर ओता, आणि गायीखाली पाचट किंवा भुस्सा टाका, तो मूत शोषतो. ढीग सावलीत, थोड्या उंचवट्यावर, वर मातीचा थर, थरात थोडं सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं तर अमोनिया कमी उडतो. ओल कशी बघायची? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. महिन्याला एकदा खालवर केला की तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. अर्धकच्चं टाकलं तर त्याबरोबर हुमणी (पिकाची मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी शेतात जातं, ऊसवाल्यांना हे सांगायला नको.

शेतात नेताना एक चूक तर गावोगाव दिसते, एप्रिलमध्ये ट्रॉल्या रिकाम्या करून छोटे छोटे ढीग घालायचे आणि जूनपर्यंत तसेच वाळत ठेवायचे. पांगवलं की त्याच दिवशी कुळवाची पाळी घालून मातीत मिसळा, नाहीतर पेरणीच्या तोंडावरच वाहतूक करा. चांगल्या शेणखतात एका टनाला साधारण ५ किलो नत्र, म्हणजे ४ टनात एका युरियाच्या गोणीइतकं, पण ते सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही, म्हणून युरिया एकदम बंद करू नका, माती परीक्षण करून हळूहळू कमी करा.

आणि गोठ्याजवळचाच गवताचा प्लॉट आहे, जवळ पडतंय म्हणून दरवर्षी सगळं तिथंच ओतू नका. तिथं पालाश साठत जातं, गवतात उतरतं, आणि ते गवत आटलेल्या गाभण गायीला घातलं की व्यायल्यावर गाय बसायचा (रक्तातलं कॅल्शियम घटून उठता न येण्याचा) धोका वाढतो, म्हणून त्या गायीला शेवटचे तीन आठवडे लांबच्या रानातला चारा आणि कडबा द्या आणि यंदाचं खत लांबच्या रानात जाऊ द्या, डिझेल थोडं जाईल.