जेडची मूर्ती खरी का? वाटीभर पाण्यात बघा

हिरवा दगड हाताला थंड लागला म्हणजे अस्सल जेड, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. काचही थंडच लागते. त्यापेक्षा गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीच्या सराफाकडे जा आणि पाच मिनिटं काटा मागा. आधी मूर्ती कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मूर्ती दोऱ्याने पूर्ण बुडेल अशी धरा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. आता जेवढे ग्रॅम दिसतील, त्यांनी कोरड्या वजनाला भागा.

अस्सल जेडचे दोन प्रकार: उत्तर ३.३ च्या आसपास आलं तर जेडाइट, २.९ ते ३ आलं तर नेफ्राइट असू शकतं. २.६ च्या जवळ घुटमळलं, तर जेडसारखे दिसणारे दुसरे दगड: सर्पेंटाइन नाहीतर हिरवा क्वार्ट्झ. ‘इंडियन जेड’ म्हणून मिळतो तो बहुतेक हाच क्वार्ट्झ, अ‍ॅव्हेंच्युरिन. दगड वाईट नाही, भाव मात्र जेडचा देऊ नका.

धातूत मढवलेल्या वस्तूला हे गणित लागू नाही. रंगवलेलं जेडाइटही वजनात सापडत नाही. भिंगातून भेगांमध्ये रंग साचलेला दिसतो का बघा. गोल बुडबुडे दिसले तर काच. महागाची वस्तू असेल तर रत्न प्रयोगशाळेचा दाखला मागाच.