पिल्लाची शू-शीची सवय: मी काय बदललं

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं तेव्हा ८ आठवड्यांचं होतं. आठवडाभरात ते बाहेर शू करायला शिकेल, असं मी धरूनच चाललो होतो. दहाव्या दिवशीही गालिचा ओला. मी ओरडलो, तर ते सोफ्यामागे लपून शू करू लागलं. त्याची ती घाबरलेली नजर अजून आठवते.

पशुवैद्यांनी मग समजावलं की या वयात मूत्राशयावर पुरता ताबाच नसतो. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, तितके तास. म्हणजे आमचं पिल्लू जेमतेम २ तास, आणि खेळाच्या भरात तेवढंही नाही. मी त्याच्याकडून अशक्य गोष्ट मागत होतो.

त्या दिवसापासून झोपेतून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर, दर वेळी एकाच जागी. रात्री एकदा गजर लावून. शू झाली की तिथेच, त्याच क्षणी खाऊ आणि शाबासकी. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. घरातले डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसले, कारण वास उरला की पिल्लू पुन्हा तिथेच जातं. अमोनिया असलेलं क्लीनर मात्र टाळा, त्याचा वास लघवीसारखाच येतो.

चौथ्या महिन्यात बरंच जमलं, मग अचानक पुन्हा दोन-तीनदा घरात. या वेळी मी ओरडलो नाही. पुसलं, आणि बाहेरच्या फेऱ्या वाढवल्या. आता ते ७ महिन्यांचं आहे. बाहेर जायचं असलं की स्वतःच दारापाशी जाऊन बसतं.