अंदमानला मित्रांसह जाताना या चुका टाळा

अंदमानला मी आतापर्यंत पाच वेळा गेलो असून प्रत्येक वेळी सोबत सहा ते दहा मित्रांचा गट होता. त्यामुळे दर वर्षी दिवाळी जवळ आली की ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे लोक स्वतः आखलेला कार्यक्रम ‘जरा नजर टाका’ म्हणून माझ्याकडे पाठवतात. नजर टाकल्यावर दिसणाऱ्या चुका दर वर्षी त्याच असतात, कारण जमिनीवरच्या प्रवासाची सवय आपण बोटीतही सोबत नेतो आणि समुद्राला एसटीच्या वेळापत्रकात बसवू पाहतो. काही चुकांबद्दल सविस्तर लिहिण्याइतका त्रास मी स्वतः भोगला आहे, तर काहींसाठी एखादे वाक्य पुरेसे आहे.

एक किरकोळ चूक आधीच सांगून टाकतो. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजेच शहीद द्वीप आणि रॉस बेट म्हणजेच नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावे डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. बोलण्यात जुनी नावेच जास्त ऐकू येत असल्याने मीही तीच वापरणार आहे. मागच्या वर्षी आलेल्या एका कार्यक्रमात मात्र हॅवलॉकला दोन दिवस आणि स्वराज द्वीपला आणखी एक दिवस ठेवलेला होता.

परतीचे विमान आणि बोट एकाच दिवशी

ही चूक मला सर्वांत जास्त चीड आणणारी आहे, कारण ती करणाऱ्याला आपण एक दिवस वाचवला असे वाटत असते. शेवटची रात्र नील बेटावर काढायची, सकाळी आठच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठायचे आणि दुपारी एकचे विमान पकडायचे, असे हे गणित असते. खासगी बोटीला या प्रवासाला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला थोडे अधिक, त्यामुळे कागदावर हिशेब नेमका जुळतो.

आमचाही पहिल्या सहलीत असाच जुळला होता. नोव्हेंबरचा महिना होता आणि आम्ही आठ जण होतो. शेवटच्या संध्याकाळी वारा वाढला, समुद्र करडा झाला, आणि जेवणाच्या वेळी हॉटेलमालकाने शांतपणे सांगितले की उद्याच्या सगळ्या बोटी रद्द झाल्या आहेत. आमच्यातील दोघांना ते खरे वाटेना. ते सकाळी सहा वाजता सामान घेऊन जेट्टीवर जाऊन बसले आणि बंद खिडकीपाशी दोन तास काढून परत आले. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण विमानाची आठ तिकिटे बुडाली. तिसऱ्या दिवशी बोटी सुरू झाल्या तेव्हा अडकलेल्या दोन दिवसांच्या प्रवाशांत त्या दिवसाचे प्रवासी मिसळले होते, त्यामुळे आमचा गट फुटला आणि चौघे सकाळी, तर चौघे संध्याकाळी निघाले. एका मित्राच्या धाकट्या भावाचा साखरपुडा त्याच्याविना झाला. ती गोष्ट त्याच्या घरात आजही निघते, आणि निघाली की माझे नाव घेतले जाते.

यात आमचे दुर्दैव फार मोठे होते असे मला वाटत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे तयार होण्याचा काळ आहे, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे सुट्ट्या असतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांच्या सुटकेसाठी नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाला उतरावे लागले. तीच वादळी प्रणाली पुढे वरदा चक्रीवादळ म्हणून चेन्नईच्या बाजूला गेली.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. पोर्ट ब्लेअरला उतरल्या दिवशीच, विमान सकाळचे असेल तर दुपारच्या बोटीने, हॅवलॉकला निघायचे, आणि सेल्युलर जेल, रॉस बेट व शहरातील बाकी सर्व शेवटच्या दीड-दोन दिवसांसाठी राखून ठेवायचे. विमान उतरण्याच्या आणि बोट सुटण्याच्या वेळेत किमान चार तास असावेत, कारण बोटीवर हजर होण्याची वेळ सुटण्याच्या आधीची असते आणि विमानाला उशीर होतोच. ‘सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय समुद्रात पाय कसा घालायचा’ असे म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक गटात असतो, आणि त्याची भावना मला समजते. १९११ ते १९२१ ही दहा वर्षे सावरकरांनी जिथे काढली, ती जागा चार दिवसांनी पाहिल्याने तिचा मान कमी होत नाही, एवढेच मी त्याला सांगतो. बोटी बंद पडल्याच, तर हाताशी एक पूर्ण दिवस राहतो. पाणबुडीचा अर्थात स्कूबाचा बेत असेल तर हाच नियम आणखी उपयोगी पडतो, कारण पाण्याखाली गेल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो आणि त्याबाबत घाई करणे जिवावर बेतू शकते.

भरती-ओहोटीचा अंदाज घरून नेणे

नील बेटावर लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्याला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, जिला तिथे वसलेले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिच्यापर्यंत मृत प्रवाळांच्या खडबडीत खडकावरून चालत जावे लागते, आणि ते फक्त ओहोटीला शक्य होते. ओहोटीत त्या खडकांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, शिंपले आणि अडकलेले रंगीत मासे दिसतात. माझ्या मते कमानीपेक्षा ती डबकी अधिक पाहण्यासारखी आहेत, पण बहुतेक लोक कमानीखाली छायाचित्र काढून माघारी फिरतात.

आमच्या तिसऱ्या सहलीत रत्नागिरीकडचा एक मित्र होता, आणि त्याने भरतीचा सगळा हिशेब स्वतःकडे घेतला. कोकणातील रीत अशी की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, साडेसातला, पूर्ण ओहोटी. त्याने हे इतक्या आत्मविश्वासाने मांडले की वाटाड्याने ‘साहेब, पहाटे या’ असे सांगितले असतानाही आम्ही न्याहारी आटोपून साडेसातला किनाऱ्यावर पोहोचलो. पाणी चढत होते. पाऊणपटीचे गणित कोकण किनाऱ्यावर बसवलेले आहे आणि अंदमानात भरती त्याहून दोन-अडीच तास आधी येते, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तिथली पूर्ण ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास होऊन गेलेली होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे उधाण असले की तिथे पाण्याची पातळी जवळपास दोन मीटरने बदलते, त्यामुळे आम्ही कमानीकडे निघालो ते घोट्याएवढ्या पाण्यातून आणि परतलो ते मांडीएवढ्या पाण्यातून, निसरड्या खडकावर एकमेकांचे हात धरून. एकाचा चष्मा गेला आणि दुसऱ्याच्या पायाला सहा टाके पडले. टाके पडलेल्याने रबरी चपला घातल्या होत्या, हेही नमूद करतो.

पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात छापलेल्या असतात आणि मोबाइलवरही मिळतात. मी तारखा ठरवतानाच त्या वहीत उतरवून घेतो, आणि तिथे पोहोचल्यावर आदल्या संध्याकाळी एखाद्या नावाड्याला पुन्हा विचारतो. दोन्ही उत्तरे वेगळी आली तर नावाड्याचे धरतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही.

सूर्याच्या वेळेबाबतही हाच घोळ होतो. अंदमान मुंबईपासून रेखांशाने सुमारे वीस अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच आहे, त्यामुळे सूर्य सुमारे ऐंशी मिनिटे आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. साडेपाचला आरामात हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला पोहोचणारे गट मी दर वेळी अंधारात चाचपडताना पाहतो.

बोटीतील त्रास

मळमळ थांबवणारी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. ती बोट सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी, आणि कोणती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बोटीच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या बाजूला बसावे आणि मोबाइलऐवजी क्षितिजाकडे पाहावे. पुढच्या टोकाची जागा देखावा चांगला म्हणून भांडून घेणारे मित्र अर्ध्या तासात कागदी पिशवी मागतात.

सरकारी बोटी स्वस्त आहेत आणि उघड्या डेकवरचा वारा मला खासगी बोटीच्या बंद, गार केबिनपेक्षा जास्त आवडतो. तरीही त्या मूळच्या बेटांवरच्या रहिवाशांसाठी आहेत, ज्यांना दवाखाना, कॉलेज आणि बाजार गाठायचा असतो. तिथल्या रांगेत ‘आम्ही एवढे लांबून आलो आहोत’ असा आवाज चढवणे मला लाजिरवाणे वाटते.

नऊ जणांच्या नऊ फर्माइशी

हॅवलॉक आणि नीलवरची स्वयंपाकघरे लहान असतात. नऊ जणांनी नऊ पदार्थ मागवले तर शेवटचे ताट पहिल्यानंतर दीड तासाने येते आणि तोवर पहिले तीन मित्र झोपायला गेलेले असतात. मी दुपारीच जाऊन ‘आज कोणता मासा आला आहे’ एवढे विचारतो, मोठा मासा सर्वांसमोर वजन करून घेतो, दर बोलून ठेवतो आणि रात्रीची वेळ सांगून येतो. ज्यांनी नकाशावर तारे मोजून हॉटेल निवडले त्यांच्यापेक्षा आम्ही नेहमी चांगले जेवलो आहोत. नीलवर भाजीपाला पिकतो, बाकी बराचसा माल मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, त्यामुळे खराब हवामानात पदार्थांची यादी आपोआप आखूड होते, आणि अशा वेळी पनीरासाठी वाद घालू नये. साधी बंगाली मासळी-भाताची थाळी बहुतेक वेळा सर्वांत ताजी असते. मोहरीचे तेल चालत नसेल तर ते मात्र आधी सांगावे.

वन्यजीव

एलिफंट बीचवर हत्ती शोधू नयेत. समुद्रात पोहणारा प्रसिद्ध राजन हत्ती २०१६ मध्ये वारला. डुगाँग हा समुद्री सस्तन प्राणी अंदमानचा राज्यप्राणी असला तरी तो लाजाळू आणि दुर्मीळ आहे, म्हणून ‘दाखव, वर पैसे देतो’ असे नावाड्याला सांगणे व्यर्थ आहे. चिडिया टापूला पक्षी पाहायचे असतील तर पहाटे जावे, कारण संध्याकाळी तिथे फक्त आपल्यासारखे लोक दिसतात.

खाऱ्या पाण्यातील मगरींच्या पाट्या कोणी गमतीने लावलेल्या नाहीत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीत मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. कांदळवनाच्या तोंडाशी आणि दिवेलागणीनंतर मी पाण्यात उतरत नाही, आणि गटातील कोणी उतरला तर त्याच्याशी त्या रात्री बोलत नाही.

बाराटांगच्या रस्त्याबद्दल माझे मत कडक आहे. चुनखडीच्या गुहांकडे जाणारा हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो आणि गाड्या ताफ्यानेच सोडल्या जातात. तिथे थांबणे, काही खायला देणे आणि छायाचित्र काढणे १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमानुसार गुन्हा आहे. ‘जारवा दिसतात का हो?’ असे विचारणाऱ्याला मी सरळ तो दिवस कार्यक्रमातून काढायला सांगतो. माणसे ही सहलीत पाहण्याची वस्तू असतात असे ज्याला वाटते, त्याच्यासोबत मी प्रवासच करत नाही.

उरलेल्या गोष्टी

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्यावेत, कारण बेटांवर नेटवर्क गेले की मोबाइलने पैसे देणे थांबते. बोटीच्या तिकिटावरील नाव ओळखपत्राप्रमाणेच असावे, टोपणनाव चालत नाही. खर्चाची वही एकाच माणसाकडे ठेवावी, आणि तो माणूस बोट लागणारा नसावा.

स्नॉर्कलिंग करताना प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड दिसत असला तरी जिवंत असतो आणि पायाखाली मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला कित्येक वर्षे लागतात. दम लागला तर पाठीवर तरंगावे, किंवा आधीच हवेचे जाकीट घालावे. किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळ आणि शंख पिशवीत टाकू नयेत. प्रवाळांना आणि कित्येक शंख-शिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. मागच्या सहलीत आमच्यातील एकाने मुलीसाठी प्रवाळाचा मुठीएवढा तुकडा मोज्यात गुंडाळून आणला होता. यंत्रासमोर त्याची पिशवी थांबली आणि आम्ही सात जण पलीकडे उभे राहून, तो मोजा ट्रेमध्ये उलटा करताना, त्याच्याकडे पाहत होतो.