नवरा गेलेल्या बाईचं आणि तिच्या मुलांचं अनुदान : कागद कुठून सुरू करायचे

कर्ता माणूस गेला की त्या घराला दोन ठिकाणांहून मदत मिळू शकते, आणि दोन्हींची कार्यालयं वेगळी आहेत. बाईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. महिना १,५०० रुपये मिळतात आणि काम तहसीलच्या संगायो (म्हणजे संजय गांधी योजना) शाखेत चालतं. मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला महिना २,२५० रुपये, आणि ते काम महिला व बालविकास विभागाचं. तहसीलमध्ये मुलांचं विचारलं की "ते आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर मिळतं, आणि बाई समजते की असं काही नसतंच. माझी सगळी नोकरी तहसीलमध्येच झाली. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या गावांत हेच अर्ज भरून देतो. रकमेने मोठी असलेली योजनाच लोकांना कमी माहीत असते, याचं फार वाईट वाटतं.

अशा घराला तुम्ही मदत करत असाल तर सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती गावात नाही, माणूस जिथे गेला तिथे होते. ऊसतोडीला गेलेला माणूस परजिल्ह्यातल्या दवाखान्यात वारला तर दाखला तिथल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. दिवस-कार्य उरकून घरचे भानावर येतात तोवर महिना गेलेला असतो. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. म्हणून त्या घरातल्या दीर-भावाला पहिल्याच आठवड्यात गाठा आणि नोंद झाली का ते विचारा. नोंद होताना मृताचं नाव त्याच्या आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, लिहून घ्या.

आता बाईचं नाव. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं आणि बँकेत तिसरंच, हे मी जवळपास प्रत्येक घरात बघतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे उठसूट तिथे हात घालू नका. आधारवर जे आहे ते पक्कं धरा आणि बँक, अर्ज, उत्पन्नाचा दाखला त्याच्याशी जुळवा. आधारवर माहेरचं नाव असेल तेव्हा मात्र विवाह नोंदणीचा दाखला जोडून ते एकदा बदलून घेतलेलं बरं. नाहीतर मयताची पत्नी हीच, हे प्रत्येक टेबलावर नव्याने सिद्ध करत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते खात्यात. मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं धरू नका. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातीलच असं नाही. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं असेल त्यात ते पडतात. एक ताई कितीतरी महिने जिल्हा बँकेत पासबुक भरून घेत होत्या, आणि प्रत्येक वेळी पान कोरंच. पैसे पडत होते सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या खात्यात, जे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग' बघितलं की कोणती बँक जोडली आहे ते कळतं. पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचाच असतो. रिचार्ज संपला की तो बंद पडतो. तेव्हा कागदांना लागण्याआधी त्या सिमचं रिचार्ज करा, आणि सवड मिळताच आधार केंद्रात बाईचा स्वतःचा नंबर लावून घ्या.

दारिद्र्यरेषेखालच्या ४० वर्षांवरच्या विधवेच्या रकमेत केंद्राचे ३०० असतात, बाकीचे राज्याचे. ते कधी कधी वेगवेगळ्या दिवशी पडतात. तीनशेच आले म्हणून घाबरू नका.

संगायोसाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. खुरपायला जाणारी बाई यापेक्षा जास्तच मिळवते. ही मर्यादा वाढवलीच पाहिजे, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो. ती बदलेपर्यंत निदान सासऱ्याची जमीन आणि दिराचा पगार बाईच्या उत्पन्नात धरला जाऊ नये, एवढं तरी बघा. ती वेगळी राहत असेल तर रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्या, आणि तलाठ्याकडे स्वतः सोबत जा.

बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे द्यायचा. मुलाचं आधार, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, आणि घरासमोर पालक व मूल एकत्र उभे असलेला फोटो हे कागद लागतात. खातं कोणाच्या नावाचं हवं ते अर्ज देतानाच विचारून घ्या. ५ आणि १५ वर्षांनंतर मुलाच्या आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही तपासा. मग गृहचौकशी होते आणि मुलाला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या सांभाळाबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर राहावं लागतं. इथे आया घाबरतात. "पोरगं काढून घेतील का?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. घेत नाहीत. मूल आपल्या घरीच वाढावं, बालगृहात टाकावं लागू नये, यासाठीच ही योजना आहे. आईला हे आदल्या दिवशी शांतपणे सांगा, आणि तारखेला मजुरी बुडणार असेल तर जाण्या-येण्याचं भाडं गावातून जमवून द्या.

प्रत्येक अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या. बरेच दिवस काहीच हालचाल नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यात काय त्रुटी आहे, एवढंच विचारा.

मंजुरीनंतर बाईचा हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो, आणि बालसंगोपनाचंही दरवर्षी नूतनीकरण असतं. ते राहिलं की अनुदान काही न कळवता थांबतं. जूनमध्ये शाळा उघडली की बोनाफाईडच्या दोन प्रती काढून एक घरी ठेवा.